प्रोसेसरचा स्पीड कमी दाखवतोय? आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

ऐन एप्रिलात, म्हणजे देवगडात कोणाला धड जेवायला पण टाइम नसतो त्या दिवसांत, एका बागायतदार काकांचा सकाळी साडेसातला फोन. "मेल्या, तीनचो म्हणून माझ्याकडसून पैशे घेतलंस आणि ह्यो तर दीडचो दाखवता!" आदल्याच आठवड्यात मी त्यांना एक सेकंडहँड डेस्कटॉप बसवून दिलेला, इंटेलच्या आय५-३४७० प्रोसेसरवाला, ३.२ गिगाहर्ट्झचा, पेट्यांची बिलं आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या काढायला एकदम पुरेसा. झालं असं की परीक्षा संपवून भाचा आलेला मुंबैवरून, त्याने सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर तिथे १५९६ मेगाहर्ट्झ. भाच्याने शांतपणे निकाल दिला, "मामा, तुका गंडवल्यानी." मग काय.

मी म्हटलं काका, भाच्याला फोन द्या. त्याला सांगितलं की त्याच सॉफ्टवेअरमध्ये बेंच नावाचा टॅब आहे, त्यात स्ट्रेस सीपीयू दाब आणि परत पहिल्या टॅबवर ये. दोन सेकंद शांतता, मग "अरे हे ३३०० च्या वर गेलं". काका मागून विचारतायत काय झालां, काय झालां. काही झालं नव्हतं, प्रोसेसर झोपला होता, त्याला उठवलं.

असे फोन मला वर्षातून बरेच येतात आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त वेळा मशीनमध्ये बिघाड काहीच नसतो, पण उरलेल्या वेळा खरंच काहीतरी असतं आणि ते बहुतेक वेळा प्रोसेसरच्या बाहेर असतं, चार्जर, फॅन, एखादी सेटिंग किंवा साधारण रुपयाच्या नाण्याएवढी अशी एक बॅटरी. इतक्या वर्षात स्पीड कमी दाखवतो म्हणून आलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर स्वतः खराब निघाल्याचं मला आठवत नाही. म्हणून कुठल्या क्रमाने बघायचं ते एकदाच लिहून टाकतो.

आकडा कुठला बघताय?

प्रोसेसर एकच पण आकडे तीन असतात आणि सगळा घोळ तिथे होतो.

पहिला आकडा नावातला. हे नाव चिपच्या आतच साठवलेलं असतं, विंडोज ते नुसतं वाचून दाखवतं. होडीवर रंगाने नाव लिहिलेलं असतं ना तसं, त्यावरून होडी आत्ता किती जोरात चाललीय ते कळत नाही. दुसरा आकडा बेस स्पीड, म्हणजे सगळ्या कोअरवर (चिपच्या आतले प्रत्यक्ष काम करणारे भाग) काम पडलेलं असताना, ठरलेल्या वॅटमध्ये आणि व्यवस्थित कूलिंग असेल तर हा चिप एवढ्यावर चालत राहील असा कंपनीचा शब्द. आणि तिसरा, या क्षणाचा खरा स्पीड, जो सेकंदाला दहा वेळा बदलू शकतो.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू. वर उजवीकडे नाव, खाली डावीकडे मोठ्या अक्षरात स्पीड हा आत्ताचा आकडा, आणि त्याच्या बाजूच्या यादीत बेस स्पीड. या खिडकीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

काम नसलं की आत्ताचा आकडा खाली येणारच. इंटेलमध्ये याला स्पीडस्टेप म्हणतात आणि एएमडीमध्ये जुन्या काळापासून कूल-अँड-क्वाएट. ट्रॉलर धक्क्याला बांधलेला असताना इंजिन फुल रेस करून कोणी ठेवत नाही, डिझेल काय फुकट येतं? तसंच आहे. हिशोब साधा, बस स्पीड (मदरबोर्ड देतो ती मूळ ठोक्यांची गती) गुणिले मल्टिप्लायर (प्रोसेसर त्याच्या किती पट पळतो तो आकडा). काकांच्या आय५ मध्ये बस १०० ची, काम असताना मल्टिप्लायर ३२ किंवा टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता बेसच्या वर पळताना, त्याच्या वर, रिकामा असताना १६, म्हणून १६००. त्याच्या कितीतरी आधीच्या पिढीतला कोअर २ ड्युओ ई७५०० घ्या, गावाकडे अजून कितीतरी ऑफिसात चालू आहेत हे, त्याची बस २६६ ची, मल्टिप्लायर ११, म्हणजे २.९३ गिगाहर्ट्झ, पण रिकामा असताना मल्टिप्लायर ६ होतो आणि परत तोच १६०० चा आकडा दिसतो. लोक घाबरतात. घाबरायचं नाही.

आता १६०० च्या ऐवजी १५९६ का, किंवा ३२०० च्या ऐवजी ३१९३ का, असंही विचारणारे असतात. बस बरोब्बर १०० नसते, ९९.७७ वगैरे असते, मदरबोर्ड मुद्दाम ती थोडी हलती ठेवतो म्हणजे रेडिओ लहरींचा त्रास कमी होतो, स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात त्याला. त्या सात मेगाहर्ट्झसाठी माझा आणि स्वतःचा वेळ घालवू नका.

अजून एक नवीन प्रकार, लॅपटॉपवाल्यांसाठी. जुलै-ऑगस्टात अॅडमिशनं झाली की नवीन लॅपटॉप घेतात आणि मग शेजारच्या वहिनी येतात, "भावोजी, हा बघा ना, दुकानदार बोलला ४.४ चा आहे आणि इथे तर १.३० लिहिलंय." आय५-१२३५यू होता तो. त्यात दोन प्रकारचे कोअर आहेत, दोन मोठे आणि आठ छोटे, मोठ्यांचा बेस १.३ आणि टर्बो ४.४, छोट्यांचा बेस ०.९ आणि टर्बो ३.३. म्हणजे दुकानदार पण खरा आणि विंडोज पण खरं. दुकानदाराने फक्त गोड आकडा सांगितला, आंब्याच्या पेटीत मोठी फळं वरच्या थराला लावतात तसं. विंडोजच्या माहितीच्या पानावर असा १.३० दिसला तर मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बेस किती ते बघा, जुळलं तर विषय संपला.

दोन मिनिटांची टेस्ट

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. टास्क मॅनेजरची खिडकी एका बाजूला ठेवा आणि प्रोसेसरला पूर्ण कामाला लावा, सीपीयू-झेडचं स्ट्रेस चालेल, नाहीतर मोठी फाईल झिप करायला द्या. वापर १०० टक्क्यांजवळ गेला पाहिजे, नाहीतर टेस्टला अर्थ नाही. दोन मिनिटं नुसतं बघत बसा, मध्ये माउस घेऊन खेळू नका.

आकडा बेसच्या वर गेला आणि तिथेच राहिला, तर मशीन ठणठणीत आहे, बंद करा आणि चहा प्या. सुरुवातीला वर गेला आणि अर्ध्या मिनिटाने थोडा उतरून बेसच्या आसपास किंवा वर थांबला, तरी लॅपटॉपमध्ये हे नॉर्मल आहे, १५ वॅटच्या चिपला थोडा वेळ जास्त वीज खाऊ देतात आणि मग लगाम घालतात. पण वर जाऊन मग धपकन बेसच्या खूप खाली आला, परत वर, परत खाली, असं चाललं तर उष्णता. आणि काहीही केलं तरी हललाच नाही, ०.७८ किंवा ०.८० लाच चिकटून बसला, तर बाहेरून कोणीतरी त्याचा गळा धरलाय.

खालीच चिकटलेला लॅपटॉप

यातली माझी लक्षात राहिलेली केस एका शाळेतल्या बाईंच्या लॅपटॉपची. बाईंनी आणला तेव्हा त्यावर दोनदा विंडोज टाकून झालेलं, एसएसडी घालून झालेली, रॅम वाढवून झालेली, साताठ हजार गेलेले, आणि तरी एक्सेल उघडायला मिनिट लागायचं. मी टास्क मॅनेजर उघडला, वापर १०० टक्के आणि स्पीड ०.७८. बाईंना विचारलं चार्जर ओरिजिनल का? तर नाही, मूळचा पावसात गेला, मग बाजारातून एक घेतला. मी चार्जरची वायर काढली आणि बाईंच्या डोळ्यासमोर आकडा २.७ वर गेला. त्या बघतच राहिल्या आणि मग त्या साताठ हजाराचा हिशोब मनात करत असणार, कारण पुढे पाच मिनिटं बोलल्या नाहीत.

होतं काय, की काही कंपन्यांच्या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. वीज तिच्यातून जात नाही, तिच्यातून चार्जर फक्त आपली ओळख सांगतो, मी ६५ वॅटचा, मी ९० वॅटचा. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप समजतो की कोण कुठला आलाय माहीत नाही, जास्त वीज मागायला नको, आणि प्रोसेसरला ब्रेक लावतो. ही ब्रेकची तार खरंतर उष्णतेसाठी असते, प्रॉकहॉट म्हणतात तिला, पण ती दोन्ही बाजूंनी चालते, चिप पण ओढू शकतो आणि मदरबोर्ड पण. मल्टिप्लायर ८ वर जाऊन बसतो, आठ गुणिले ९९.७७ म्हणजे ७९८, तोच तुमचा ०.७८-०.८०.

आपल्याकडे यात खाऱ्या हवेची भर. समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत घर असेल तर ओरिजिनल चार्जरच्या सुईवर पण हिरवट थर येतो. चालू करताना अॅडॅप्टर ओळखता आला नाही असा मेसेज येतो आणि आपण सवयीने एंटर दाबून पुढे जातो, तो मेसेज वाचायचा असतो हो. तर करायचं काय, चार्जर काढून बॅटरीवर टेस्ट परत करा. बॅटरीवर स्पीड वर गेला तर चार्जर किंवा त्याचं सॉकेट. सुई वाकडी किंवा तुटलेली आहे का बघा, थर असेल तर लॅपटॉप बंद करून आणि चार्जर बोर्डातून काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बारीक ब्रशने साफ करा, मित्राचा त्याच मॉडेलचा चार्जर लावून बघा. त्याच्याने चाललं तर योग्य वॅटचा चांगला चार्जर घ्या. बॅटरी पूर्ण मेलेली किंवा काढून ठेवलेली असेल तरी काही लॅपटॉप असेच हळू चालतात, कारण एकदम जास्त वीज लागली तर चार्जरच्या मदतीला बॅटरी लागते, ती नाही म्हटल्यावर ते रिस्क घेत नाहीत.

थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात बीडी प्रॉकहॉटची खूण काढली की हा ब्रेक सुटतो आणि व्हिडिओवाले सगळे पहिल्यांदा तेच सांगतात. मी तपासण्यापुरतं वापरतो. खूण काढल्यावर स्पीड आला तर निदान पक्कं झालं, एवढाच उपयोग. चिपचं स्वतःचं तापण्याचं संरक्षण तरी चालूच राहतं, पण ४५ वॅटच्या डुप्लिकेट चार्जरवर ६५ चा भार टाकून रात्री गादीवर ठेवून झोपणार असाल तर मला नंतर सांगू नका.

तापणं, आणि कुंभारीण

कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यातलं एक टाका आणि टेस्ट चालू असताना तापमान बघा. बहुतेक इंटेल चिप १०० अंशांच्या आसपास स्वतःला हळू करतात, एएमडीचे बरेचसे ९० ते ९५ ला. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हवाच ३५ ला असते, तेव्हा रिकामं मशीन ५० दाखवेल, ठीक आहे. पण स्ट्रेस लावल्यावर दहा-पंधरा सेकंदात ९८ आणि लगेच स्पीड अर्धा, म्हणजे उष्णता बाहेर जातच नाहीये.

कारणं शहरातल्या पुस्तकात लिहिलेली असतात तेवढीच नसतात आपल्याकडे. लाल मातीची धूळ हवेतल्या दमटपणाने फिनमध्ये, म्हणजे कूलरच्या पातळ पत्र्यांच्या फटीत, चिखलासारखी बसते आणि सुकली की फुंकून निघत नाही, ब्रशच लागतो. काजू फॅक्टरीतल्या ऑफिसचं मशीन उघडलं तर आत तेलकट काळा थर असतो. आणि कुंभारीण, ती मातीची घरटी बांधणारी माशी! एकदा एक कॅबिनेट आला, मागचा फॅन फिरतच नव्हता, उघडून बघतो तर फॅनच्या पात्यामध्ये आणि जाळीत मिळून मातीची तीन घरटी, एकदम गुळगुळीत, छोट्या मडक्यासारखी. एक फोडलं तर आत हिरव्या अळ्या, तिने पिल्लांसाठी भरून ठेवलेल्या. मालक मुंबईला, घर चार महिने बंद. घरटी काढली, फॅनला दोन थेंब तेल दिलं, ९९ वरून ६८ वर आलं. पाली वेगळ्याच, त्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, शिरतात, पण तो विषय आजचा नाही.

डेस्कटॉपमध्ये दुसरी गोष्ट म्हणजे इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या पिना. मशीन मुंबईहून टेम्पोत किंवा एसटीच्या डिकीत टाकून आणलं आणि हायवेने त्याची हाडं खिळखिळी करत आणलं, की चारातली एक पिन सुटते, कूलर एका कोपऱ्यात उचलला जातो, डोळ्याला दिसत पण नाही. चालू होतं, चालतं, फक्त हळू. बंद करून वायर काढून कूलर बोटाने हलवून बघा, हलला तर सापडलं. पिना परत बसवण्याआधी प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी जुनी पेस्ट पुसून नवीन लावा, मुगापेक्षा मोठा आणि वाटाण्यापेक्षा लहान एवढा ठिपका मधोमध, बास. ट्यूबभर लावली म्हणून जास्त थंड होत नाही, उलट. आणि पिना समोरासमोरच्या दाबायच्या, बाजूबाजूच्या नाहीत, टक् असा आवाज चारही वेळा यायला हवा.

ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भन्नाट फिरवला तर बेअरिंग जातं.

कोणीतरी लावून विसरलेली सेटिंग

हे पटकन. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या बाजूला चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. ते १०० टक्के पाहिजे. ९९ केलं तरी टर्बो बंद होतो, हे खूप जणांना माहीत नसतं, आणि गरम होतो म्हणून मागे कधी कोणी ५० करून ठेवलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातच नसतं. मिनिमम ५ टक्के असलं तर असूद्या, तेच बरोबर आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधला पॉवर मोड पण बघा, बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर ठेवलेला असेल तर बदला. लिनक्सवाल्यांनी गव्हर्नर पॉवरसेव्ह दिसला म्हणून लगेच उड्या मारू नयेत, नवीन इंटेलमध्ये ते नाव असलं तरी कामाप्रमाणे स्पीड वर जातोच, आधी टेस्ट करा.

नाण्याएवढी बॅटरी आणि चाकरमान्यांची बंद घरं

मदरबोर्डवर एक गोल चपटी बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. मशीनची वायर बोर्डात लावलेली आणि स्विच चालू असेपर्यंत मदरबोर्डचं घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं आणि या बॅटरीला जवळजवळ काही कामच नसतं. वायर काढली की सगळा भार तिच्यावर. आता आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत विजा कडकडतात म्हणून वायर काढूनच ठेवतात, आणि ठेवायलाच पाहिजे, आणि चाकरमान्यांच्या घरातलं मशीन तर गणपती आणि मे महिना सोडून वर्षभर तसंच पडून. म्हणून इथे ही बॅटरी लवकर संपते. ओळखायची खूण, तारीख मागे जाते, एकदम जुनं साल दाखवतं, आणि चालू करताना चेकसम एरर, एफ१ दाबा असं येतं. लोक रोज एफ१ दाबतात. एका पतसंस्थेत तर मशीनवर चिठ्ठी चिकटवलेली, "चालू करताना एफ१ दाबावे".

बॅटरी संपली की बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली, सगळी सेटिंग मूळ पदावर जाते. नवीन बोर्ड प्रोसेसरला स्वतः ओळखून बरोबर स्पीड लावतात, पण जुने बोर्ड लावत नसत. मी काम शिकत होतो तेव्हा अॅथलॉन एक्सपी जोरात होता, त्यातला २०००+ म्हणजे २००० मेगाहर्ट्झ नव्हताच मुळी, खरा स्पीड १६६७, एएमडीने २००१ मध्ये एक्सपी आणला तेव्हा त्याला असे तुलनेचे नंबर दिले होते. तर गिऱ्हाईक आधी येऊन भांडायचं की २००० चे पैसे घेऊन १६६७ चा दिला, त्याला समजावून पाठवायचो, मग दोन वर्षांनी पावसाळा संपल्यावर तेच गिऱ्हाईक परत, आता १२५० दाखवतोय! आणि यावेळी त्याचं खरं असायचं. बॅटरी मेलेली, बस १३३ वरून १०० वर गेलेली, मल्टिप्लायर १२.५, करा गुणाकार. बायोसमध्ये किंवा बोर्डवरच्या जंपरने १३३ केलं की १६६७ परत. एकाने घरी स्वतःच १६६ करून बघितलं, २०८३ झाला असता, पण स्क्रीनच आली नाही आणि बिचारा मशीन पाटीत घालून घेऊन आला.

बॅटरी बदलायची तर मशीन बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलेली वीज जाते, मग बाजूची क्लिप हलकेच सरकवली की बॅटरी उडी मारून वर येते. अधिकचं चिन्ह वरच्या बाजूला. मीटर असेल तर मोजा, २.७ च्या खाली असेल तर टाकून द्या. होल्डरच्या पत्र्यावर गंज आलेला असेल तर तो खरवडल्याशिवाय नवी बॅटरी पण चार दिवसात तेच करेल, किनाऱ्यालगतच्या घरात मी हे आधी बघतो.

मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा, आणि लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स करायचं असेल तर जरा थांबा. आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. कारण डिफॉल्टने हार्डडिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीई झाला, किंवा उलटं, तर विंडोज निळ्या स्क्रीनवर आपटतं आणि तुम्हाला वाटतं हार्डडिस्क गेली. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर बायोसमध्ये काही बदलल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं, ती ४८ आकडी असते, आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून वहीत लिहून ठेवा. ही वही मोबाईलमध्ये नको, कागदाची. बायोसमध्ये असताना स्पीडस्टेप आणि टर्बो चालू आहेत ना तेही बघून घ्या.

एवढं करून पण आकडा विचित्र असेल तर

स्पीड नाही तर नावच अनोळखी दाखवत असेल, तर बहुतेक मदरबोर्डचं बायोस प्रोसेसरपेक्षा जुनं आहे. अपडेट करता येतं, पण अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डचा दगड होऊ शकतो आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणला पण माहीत नसतं, तेव्हा यूपीएस चार्ज असेल तरच, आणि पावसाळ्यात तर नकोच. नावात जेन्युइन इंटेल सीपीयू आणि पुढे चार शून्य असं काही दिसलं तर तो कंपनीने चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, विकायचा नसतो तो, ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला असेल तर स्वस्त का होता ते आता कळलं. सीपीयू-झेडची आवृत्ती खूप जुनी आणि चिप नवीन असेल तर ते वाट्टेल ते दाखवतं, नवीन घ्या. आणि व्हर्च्युअल मशीनच्या (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं दुसरं मशीन) आत बसून स्पीड मोजू नका, तिथला आकडा कामाचा नाही.

नाव बिलावरच्या मॉडेलशी जुळत नसेल तरच खरी फसवणूक, आय५ च्या बिलावर आय३ निघाला वगैरे. तेव्हा टास्क मॅनेजरचा फोटो आणि बिल घेऊन सरळ दुकानात जा, स्पीडवर वाद घालत बसू नका, नावावर घाला.

माझ्याकडे किंवा तुमच्या इथल्या कोणाकडे नेणार असाल तर नेण्याआधी कागदावर लिहून न्या, प्रोसेसरचं पूर्ण नाव, बेस स्पीड, रिकामं असताना किती, पूर्ण कामात किती, तेव्हा तापमान किती, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर काढल्यावर किती. तेवढ्यावर फोनवरच निम्मं निदान होतं आणि तुमची एसटीची फेरी वाचते. देवगडचे काका आता फोन केला की आधी आकडे सांगतात, भाच्याने शिकवलंय, आणि मग शिव्या देतात.